डहाणू-तलासरीचे हादरे आणि स्वस्तातला वेगवान एडीसी

आजचा विषय इलेक्ट्रॉनिक्सचा आहे, पण सुरुवात आपण डहाणू आणि तलासरीपासून करणार आहोत. नोव्हेंबर 2018 मध्ये पालघर जिल्ह्यातल्या या दोन तालुक्यांत जमीन हलायला लागली. धुंदलवाडीच्या आसपास जास्त. एक मोठा धक्का आणि मग विझत जाणारे छोटे धक्के, असा हा प्रकार नव्हता. लहान-लहान धक्के येत राहिले, आठवडे गेले, महिने गेले, आणि त्यांची संख्या हजारांत गेली. शास्त्रज्ञ याला भूकंपमालिका म्हणतात. 1 फेब्रुवारी 2019 ला एकाच दिवशी अनेक धक्के बसले, त्यातला मोठा 4.1 च्या आसपासचा होता. त्या धावपळीत एका चिमुकलीचा जीव गेला. लोक थंडीत घराबाहेर, तंबूत झोपायला लागले. बऱ्याच जणांनी सांगितलं की आधी जमिनीतून आवाज येतो आणि मग भांडी वाजतात.

लोकांचा प्रश्न एकच होता: याच्यापुढे मोठा येणार का? याचं उत्तर जगात कोणी देऊ शकत नाही, आणि देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहावं. पण त्याच्या अलीकडचा एक प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मिळू शकतं. हे धक्के नेमके कुठे होतात आणि किती खोल होतात? ते एका रेषेवर आहेत का? ती रेषा सरकते आहे का? त्यासाठी हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र यांनी त्या भागात तात्पुरती केंद्रं बसवली. दिल्ली-हैदराबादच्या यंत्रांना लहान धक्का दिसतच नाही. तो पकडायचा तर त्याच्या डोक्यावर जाऊन बसावं लागतं.

आता बघा, अशा एका चांगल्या केंद्राची किंमत लाखांच्या घरात जाते. आम्ही काही मित्र यातूनच एका साध्या प्रश्नापाशी आलो. अशी केंद्रं पाच-सहा असण्याऐवजी तीस-चाळीस असावीत, प्रत्येक आश्रमशाळेत, प्रत्येक ग्रामपंचायतीत एक, तर त्यातला कुठला भाग आपण स्वस्तात करू शकतो? सेन्सर म्हणून जिओफोन मिळतो. तेलाचा शोध घेणारे लोक तो हजारोंनी वापरतात. मेंदू म्हणून छोटा कॉम्प्युटर मिळतो. मधला दुवा उरतो. जिओफोनमधून निघतो तो व्होल्टेज, आणि कॉम्प्युटरला लागतात आकडे. व्होल्टेजचे आकडे करणारं सर्किट म्हणजे अॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर, आपण एडीसी म्हणू.

हे काम पूर्वी माणसं करायची, हे विसरू नका. 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपात धरणातल्या यंत्राने एक आलेख नोंदवला. जगभरचे धरण-अभियंते तो आजही वापरतात. पण तो आलेख म्हणजे रेघ होती, आकडे नव्हते. गणित करायचं तर कोणीतरी त्या रेघेवरचे बिंदू एकेक करून वाचणार, उंची मोजणार, लिहून काढणार. वाचणाऱ्याची नजर हाच त्या काळचा एडीसी. आणि त्यात आजच्या एडीसीचे सगळे दोष आलेच: बिंदू किती जवळ-जवळ घ्यायचे, पट्टीवर किती बारीक वाचायचं, आणि कागदाची कड संपली तर काय करायचं.

म्हणून सर्किटला हात लावण्याआधी दोन आकडे ठरवू. किती वेगाने मोजायचं, आणि किती बारीक मोजायचं.

वेगाचं आधी. जवळचा, लहान, उथळ धक्का हा उंच सुराचा असतो. त्याची कंपनं साधारण 5 ते 30 हर्ट्झच्या घरात भरपूर असतात. कंपनाच्या दुपटीपेक्षा जास्त वेगाने नमुने घ्यावे लागतात, हा मूळ नियम आहे. म्हणजे सेकंदाला 100 नमुने पुरतात, 200 असले तर उत्तम. पण थांबा, 'वेगवान' एडीसी म्हणून तुम्हाला इथे बोलावलंय आणि 100 वर भागवतोय, असं वाटेल. वेग लागतो, पण दुसऱ्याच कारणासाठी. त्याच्याकडे येतो.

आता बारकाई. रिश्टर मोजपट्टीवर एक पायरी वर गेलं की कंपनाची उंची दहापट होते. आपल्याला 1 चा धक्काही हवा आणि 4 चाही. म्हणजे उंचीत हजारपट फरक. शिवाय 1 च्या धक्क्याचा नुसता ठिपका नको, त्याचा आकार दिसायला हवा, म्हणजे त्याचेही शंभर भाग पडायला हवेत. हजार गुणिले शंभर, एक लाख पायऱ्या. 16 बिटांत 65,536 पायऱ्या मिळतात, 17 बिटांत 1,31,072. तेव्हा 17-18 बिट. साध्या आर्डुइनोच्या पोटातल्या एडीसीत 10 बिट असतात, 1,024 पायऱ्या. तिथे लहान धक्का धरला तर मोठ्याचा माथा कापला जातो, आणि मोठा धरला तर लहान दिसतच नाही. कागदाची कड संपते ती हीच.

एडीसी करायच्या तऱ्हा अनेक आहेत. सगळ्यात वेगवान तो फ्लॅश. शाळेच्या भिंतीवर मुलांची उंची मोजायला खुणा करतात ना, तसं. प्रत्येक खुणेला एक कंपॅरेटर बसवायचा, आणि तो फक्त 'व्होल्टेज माझ्या वर आहे की खाली' एवढंच सांगतो. सगळे एकदम बोलतात, एका दमात उत्तर. 3 बिटांना 7 कंपॅरेटर लागतात. एलएम-339 मध्ये चार असतात, म्हणजे दोन चिपांत काम झालं. विद्यार्थ्यांनी हा एकदा हाताने जोडावाच. पण 8 बिटांना 255 कंपॅरेटर, म्हणजे 64 चिपा. 12 बिटांना 4,095. ऑसिलोस्कोपवाल्यांना तो वेग लागतो, आपल्याला नाही.

दुसऱ्या टोकाला मल्टिमीटरमधला ड्युअल-स्लोप. कपॅसिटर ठरावीक वेळ भरायचा आणि रिकामा व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं. स्वस्त, अचूक, आणि भूकंपाच्या कामाला फार हळू.

मधला रस्ता आपल्या ओळखीचा आहे. तलासरीच्या आठवडी बाजारात सुक्या मासळीचं वजन तागडीत कसं होतं? आधी मोठं माप टाकतात. तागडी मापाकडे झुकली तर ते काढतात, नाही झुकली तर राहू देतात. मग त्याच्या निम्मं. मग त्याच्या निम्मं. बारा मापं वापरली की बारा पायऱ्यांत 4,096 मधलं एक उत्तर. याला सक्सेसिव्ह अॅप्रॉक्झिमेशन म्हणतात, थोडक्यात सार एडीसी. त्यात एकच कंपॅरेटर लागतो, आणि मापं म्हणजे रेझिस्टरची किंवा कपॅसिटरची साखळी. हाताने करायचा असेल तर आर आणि टू-आर अशा दोनच किमतींच्या रेझिस्टरची शिडी बांधतात. पण हाताने बांधलेली शिडी 8 बिटांच्या पुढे वाकडी पडते, कारण सगळ्यात मोठ्या मापातली चूक सगळ्यात लहान मापापेक्षा मोठी होते. किलोच्या मापातच पाच ग्रॅम कमी असतील, तर एक ग्रॅमच्या मापाचा उपयोग काय?

म्हणून आम्ही तयार चिप घेतली: एमसीपी-3208. 12 बिट, आठ चॅनेल, 5 व्होल्टवर सेकंदाला एक लाख नमुने, किंमत काही शे रुपये. आता तुम्ही म्हणाल, लागतात 17-18 बिट आणि घेतले 12. बरोबर. उरलेले बिट कुठून काढायचे, सर्किटची खरी रचना तिथे आहे.

पहिली युक्ती. जिओफोनचा तोच सिग्नल दोन वाटांनी न्यायचा. एका वाटेवर जसाच्या तसा, दुसऱ्या वाटेवर 64 पट मोठा करून. दोन्ही वेगवेगळ्या चॅनेलवर वाचायचे. 64 म्हणजे दोनाचा सहावा घात, म्हणजे वर सहा बिट. 12 अधिक 6, झाले 18. लहान धक्का मोठ्या केलेल्या वाटेवर दिसतो. मोठा धक्का आला की ती वाट भरून वाहते, तेव्हा साधी वाट वाचायची. जिओफोन तीन दिशांना असतात, तीन दुणे सहा चॅनेल. उरलेल्या दोनांवर बॅटरी आणि तापमान.

आकडे घालून बघू. संदर्भ-व्होल्टेज 4.096 घेतलं की 4,096 पायऱ्यांत प्रत्येक पायरी बरोबर 1 मिलिव्होल्ट. (हे मूल्य बाजारात याच सोयीसाठी मिळतं.) जिओफोन जमिनीच्या दर मीटर-प्रति-सेकंद वेगाला साधारण 28 व्होल्ट देतो असं धरा. जवळच्या 4 च्या धक्क्यात जमीन सेकंदाला 5 सेंटीमीटर वेगाने हलली, तर 1.4 व्होल्ट. मधोमध शून्य ठेवलं तर दोन्हीकडे 2.048 व्होल्ट मोकळे आहेत, तेव्हा मावला. 1 च्या धक्क्यात सेकंदाला 10 मायक्रोमीटर, तर 280 मायक्रोव्होल्ट. साध्या वाटेवर ही एक पायरीसुद्धा नाही. 64 पटीच्या वाटेवर सुमारे 18 पायऱ्या. दिसला, पण ओबडधोबड.

इथे दुसरी युक्ती, आणि वेग लागतो तो इथे. आठही चॅनेल प्रत्येकी सेकंदाला 6,400 वेळा वाचायचे. एकूण 51,200, चिपच्या मर्यादेच्या निम्मे. मग दर 64 नमुन्यांची सरासरी काढून एक आकडा ठेवायचा. झाले सेकंदाला 100. चौपट नमुन्यांच्या सरासरीने एक बिट वाढतो. 64 म्हणजे चाराचा तिसरा घात, तेव्हा तीन बिट. त्या 18 पायऱ्यांच्या दीडशेच्या जवळ होतात. आता लहान धक्क्याला आकार आला.

पण यात एक मेख आहे, आणि पुस्तकात ती एका ओळीत उरकतात. सिग्नल जर एकाच पायरीवर मुकाट उभा असेल, तर 64 वेळा वाचूनही तेच उत्तर 64 वेळा मिळेल. सरासरी काय काढणार? थोडी कुरकुर हवी, निदान एका पायरीएवढी, म्हणजे वाचन कधी खालच्या पायरीवर पडेल, कधी वरच्या, आणि सरासरी मधली जागा दाखवेल. चांगला अॅम्प्लिफायर घेतला तर तो इतका शांत असतो की ही कुरकुर मिळत नाही! मग ती मुद्दाम मिसळावी लागते. आम्ही 100 हर्ट्झची, काही पायऱ्या उंचीची त्रिकोणी लहर मिसळली. 64 नमुन्यांत तिची बरोबर एक फेरी होते, त्यामुळे सरासरीत ती स्वतः शून्य होऊन निघून जाते. तांदूळ निवडताना सूप हलवतात, तसं.

वेगाचा आणखी एक फायदा आहे, आणि तो आम्हाला फजिती होऊन कळला. पहिल्या जोडणीत आम्ही काटकसर म्हणून थेट सेकंदाला 50 नमुने घेत होतो. रात्री पडद्यावर एक सुंदर, संथ लहर दिसायला लागली. एका फेरीला साधारण 20 सेकंद. लांबच्या मोठ्या भूकंपाच्या पृष्ठलहरी अशाच 20 सेकंदांच्या असतात. आम्ही खूश. कुठे झाला म्हणून शोधलं, तर कुठेच झालेला नव्हता. मग एकाने विचारलं, आपला जिओफोन 4.5 हर्ट्झचा, त्याला 20 सेकंदांची लहर ऐकूच कशी येईल? हिशेब केला: इतक्या संथ लहरीला त्याचा प्रतिसाद आठ हजारांश. म्हणजे लहर जमिनीची नव्हतीच. ती विजेची होती. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, पण ती थोडी इकडे-तिकडे होत असते. त्या वेळी असेल 49.95. सेकंदाला 50 नमुन्यांनी ती वाचली की फरक उरतो 0.05 हर्ट्झचा, आणि 0.05 हर्ट्झ म्हणजे 20 सेकंदांची एक फेरी. भिंतीतली वायर आमच्याकडे भूकंप होऊन आली होती.

हा खोटा चेहरा एकदा आकड्यांत उतरला की नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने काढता येत नाही. तो एडीसीच्या आधी अडवावा लागतो. संथ एडीसीला त्यासाठी फार तीव्र, महागडं फिल्टर लागतं. पण 6,400 ने वाचलं, तर 50 हर्ट्झची वीज 50 हर्ट्झचीच दिसते आणि पुढे आकड्यांच्या गणितात तिला बाहेर काढता येतं. आधी अडवायचं काय, तर 6,350 हर्ट्झच्या वरचं. त्याला 1.6 किलोओहमचा रेझिस्टर आणि 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरतो. त्याची हद्द 100 हर्ट्झवर पडते. असे दोन टप्पे मध्ये बफर ठेवून लावले, तर 6,350 हर्ट्झची कुरकुर सुमारे चार हजारांश उरते, म्हणजे साधारण एक पायरी. स्वस्तातल्या वस्तूंत हे भागतं. वेग स्वस्त आहे, त्याच्या जिवावर फिल्टर स्वस्त होतो.

एक सूचना मात्र ऐका. हा कपॅसिटर सिरॅमिक घेऊ नका, फिल्मचा घ्या. दुकानात मिळणारे जास्त किमतीचे सिरॅमिक कपॅसिटर हलवले की स्वतःच व्होल्टेज देतात. रेडिओत चालेल. भूकंप मोजायच्या यंत्रात, जिथे खुद्द बोर्डच हलणार आहे, तिथे ते स्वतःचीच साक्ष देतील.

तेव्हा पैसे कुठे खर्चायचे? आमच्या मते दोन ठिकाणी. एक, संदर्भ-व्होल्टेज. 'बारीक मापाचा तराजू' म्हणतो तेव्हा तो 4.096 चा काटा न हलता उभा राहायला हवा. यूएसबीचं 5 व्होल्ट तिथे जोडलं, तर मोबाईल चार्जरची सगळी गुरगुर आकड्यांत येते. इथे शंभर-दोनशे रुपये जास्त द्यावेत.

दुसरं ठिकाण एडीसीच्या बाहेरचं आहे, आणि नवखे लोक तिथेच चुकतात. वेळ. धक्क्याच्या पहिल्या लहरी खडकातून साधारण सेकंदाला 6 किलोमीटर वेगाने येतात, दुसऱ्या साडेतीन किलोमीटरने. दोन्हींत एका सेकंदाचं अंतर असेल, तर धक्का सुमारे 8 किलोमीटरवर. एका केंद्राला एवढंच कळतं. जागा आणि खोली काढायची तर अनेक केंद्रांच्या वेळा एकमेकींशी जुळवाव्या लागतात. साध्या क्वार्ट्झ घड्याळात दहा लाखांत 20 भागांची चूक असते. ऐकायला काहीच नाही. पण दिवसाला 1.7 सेकंद होतात, आणि सेकंदाला 6 किलोमीटरच्या हिशेबाने धक्क्याची जागा दहा किलोमीटर सरकते. धुंदलवाडीचा धक्का पुढच्या गावात जाऊन पडेल. म्हणून प्रत्येक केंद्राला जीपीएस हवाच, आणि त्याचा दर सेकंदाचा ठोका थेट नमुने घेणाऱ्या घड्याळाला जोडलेला हवा. 10 मिलिसेकंदांची चूक 60 मीटरवर येते, ती परवडते. आठ चॅनेल एकामागून एक वाचल्याने त्यांच्यात जो वीस-वीस मायक्रोसेकंदांचा फरक पडतो, तो काही सेंटीमीटरांचा आहे. त्याची काळजी सोडा.

मध्ये एकाने विचारलं की 24 बिटांची तयार डेल्टा-सिग्मा चिप आता स्वस्त मिळते, मग हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. खरं केंद्र बसवायचं असेल तर आम्हीही तीच घेऊ. 24 बिट लिहिलेले असले, तरी कुरकुर वजा जाता 20 च्या आसपास उरतात, आणि तेही आपल्याला भरपूर. पण तिच्या पोटात हाच खेळ चालतो: फार वेगाने, फार ढोबळ मोजायचं आणि सरासरी काढत बारीक करायचं. ते एकदा हाताने केलेलं असलं, की तिच्या आतल्या फिल्टरकडे आपण डोळे उघडे ठेवून बघतो. अशा बऱ्याच फिल्टरांची रचना समतोल असते. त्यामुळे धारदार पहिल्या लहरीच्या आधीच बारीक खोट्या तरंगांची रांग उमटते. पहिला झटका वर की खाली, हे त्यात झाकलं जातं. आणि खडक कुठल्या बाजूला सरकला हे त्याच झटक्यावरून कळतं! आपली सरासरी आपणच लिहिली असेल, तर मागचंच बघणारा फिल्टर लावून ही अडचण टाळता येते.

दुसरा प्रश्न होता मोबाईलचा. प्रत्येकाच्या खिशात हादरे मोजणारा सेन्सर आहेच, मग वेगळं यंत्र का? मोबाईलला 4 चा जवळचा धक्का दिसेल. 1 आणि 2 चे धक्के त्याच्या स्वतःच्या कुरकुरीत बुडतात, आणि डहाणू-तलासरीत हजारोंनी आले ते मुख्यतः लहानच होते. शिवाय मोबाईल खाटेवर असतो. जिओफोन घराच्या फरशीवरसुद्धा ठेवू नका. कुडाचं घर वेगळं हलतं, विटांचं वेगळं. अंगणाच्या कडेला, मुंबई-अहमदाबाद महामार्गापासून आणि डहाणू रोडच्या रेल्वेपासून जमेल तितकं लांब, खडक लागेपर्यंत खणा, तळाला सिमेंटचा थर द्या, त्यावर जिओफोन पक्का बसवा आणि वरून पावसाचं पाणी शिरणार नाही असं झाका. वायर घरात आणा. बाकीचं सर्किट देवळीत ठेवलं तरी चालतं.